फ्रीझरमधले अकरा मिलिग्रॅम

३ नोव्हेंबर, सोमवार

निघाली एकदाची! शुक्रवारी सुकवायला लावलेली कुपी आज सकाळी यंत्रातून काढली. तळाशी पांढरा, कापसासारखा पुंजका. अकरा मिलिग्रॅम. सात आठवड्यांची मेहनत, आणि मी जोरात शिंकले असते तर गेली असती उडून.

एकतीस मण्यांची माळ आहे ही, म्हणजे पेप्टाइड. एकतीस अमिनो आम्लं, एकापुढे एक, माझ्या हातांनी ओवलेली. एकविसाव्या मण्यापाशी दोनदा अडलं, दोनदा उसवलं. पण आज वस्तुमान बरोब्बर आलं, शुद्धता अठ्ठ्याण्णव टक्के. मी खुर्चीवर बसून स्वतःला एक बिस्किट दिलं.

रोझी मावशींना दाखवायला तळघरात गेले. फ्रीझर त्यांच्या ताब्यात आहेत. प्रोफेसरसुद्धा त्यांना विचारून दार उघडतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कुपीत पाहिलं. "एवढंसंच? पोरी, माझ्या नवऱ्याच्या टकलावर याहून जास्त आहे." मी सेहेचाळीस वर्षांची. पोरी म्हणणाऱ्या जगात त्या एकट्याच उरल्यात, म्हणून चालवून घेते.

दुपारी प्रोफेसरांनी, म्हणजे विल्मोश सरांनी, बोलावलं. म्हणाले, २८ तारखेला पुढच्या दोन वर्षांच्या नेमणुकांचा कागद तयार करायचाय. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या, उपाशी ठेवलेल्या पेशी या पेप्टाइडनं जगलेल्या दिसल्या पाहिजेत. "नाही जगल्या तर योलान, मी तरी काय करू?" माझी नेमणूक ३१ डिसेंबरला संपते आणि पुढची त्याच कागदावर आहे. सर हे फार सभ्यपणे बोलले, त्यामुळे जास्तच लागलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर वाटप. पूड विरघळवली, बावीस छोट्या ट्यूब भरल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. म्हणजे एकेक ट्यूब एकदाच उघडायची. गोठव, वितळव, परत गोठव असं चार वेळा केलं की माळेचं काही खरं नसतं.

अंब्रुशसाठी सूचनाही लिहिल्या — दोन पानं. ट्यूब उणे वीसमध्ये ठेवणे. उघडण्याआधी अर्धा तास टेबलावर ठेवणे, नाहीतर गार ट्यूबमध्ये हवेतलं पाणी शिरतं. उजेड नको. घाई नको. वाचून वाटलं, सुनेच्या हाती लेकरू देणारी सासू असंच लिहीत असणार. पानं देताना त्याला तसं म्हटलंही.

अंब्रुश वर पेशी पाळतो. पन्नाशीचा, एकटा. पेन्सिली उंचीप्रमाणे लावतो. माझ्या आधीच्या दोन माळा त्याच्या पेशींवर फुकट गेल्या, आणि दोन्ही वेळा त्याने मला इतक्या मायेनं चिडवलं की धड भांडताही आलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अंब्रुशचा फोन. "मेल्या. सगळ्या. तुझ्या पुडीला जवळ घेऊन मेल्या, एवढं समाधान मान."

११ नोव्हेंबर, मंगळवार

संत मार्टिनचा सण. कँटीनमध्ये भाजलेला हंस, लाल कोबी, नवी वाइन. सर मध्ये बसलेले, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अंब्रुश. काल दुसरी फेरी झाली. पेशी पुन्हा मेल्या.

"माझ्या पेशी नाजूक असतील," अंब्रुश म्हणाला, "पण खोटारड्या नाहीत."

"माझं पेप्टाइड खरं आहे. अठ्ठ्याण्णव टक्के."

"मग उरलेल्या दोन टक्क्यांनी मारलं असेल."

सर हसले. मीही हसले, मग लक्षात आलं की माझ्या ताटातला हंसाचा पाय अंब्रुशनं उचललाय. वर म्हणतो, "तुला आज भूक नसणार."

खरंच नव्हती. सतरा दिवस उरलेत. ही माळ चालेल असं मला वाटतं. वाटतं म्हणजे — मला ते हवंय. दोन्हींत फरक असतो, आणि तो फरक सांभाळायचेच मला पैसे मिळतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज वरच जाऊन बसले. म्हटलं, तू कसं करतोस ते बघते. "परीक्षा आहे का, बाई?" हो, आहे.

आणि त्या माणसात खोट सापडेना! फ्रीझरमधून ट्यूब काढली, टेबलावर ठेवली, कोंबडीच्या आकाराचं घड्याळ तीस मिनिटांवर लावलं आणि हात बांधून ट्यूबसमोर बसला. गप्प. मी बोलायला गेले तर बोट ओठांवर. शेवटी कोंबडी आरवली — कोंबडीनं आरवायचं कारण काय, देव जाणे — तेव्हा कुठे झाकण उघडलं. उजेड नाही. घाई नाही. माझी दोन पानं त्यानं प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावलीत. मला जरा लाजच वाटली.

मग तो पेशींकडे वळला आणि टेबलावरची ट्यूब सोडून शीतकपाटातून वेगळीच ट्यूब काढली.

"ही कुठली?"

"काल दुपारी पातळ करून ठेवलेली. आजची उद्यासाठी. सकाळी धांदल नको."

"नेहमी असंच करतोस?"

"पहिल्या दिवसापासून." अभिमानानं म्हणाला. पातळ केलेलं पेप्टाइड, रात्रभर, प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये.

 ती ट्यूब मागून घेतली आणि खाली आले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मोजते आहे. कुणी हाक मारू नये.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ट्यूबमध्ये पेप्टाइडचा पाचवा हिस्सा. फक्त! बाकीचं प्लास्टिकला चिकटून बसलेलं. घट्ट द्रावणात कळतही नाही, पण पातळ केलं की जे काही आहे ते ट्यूबच्या भिंतींनाच पुरतं. म्हणजे गेले दोन आठवडे अंब्रुश अत्यंत काळजीपूर्वक, कोंबडीच्या साक्षीनं, पेशींना जवळजवळ नुसतं पाणी पाजत होता.

त्याला हे सांगताना मला किती मजा येईल याची उजळणी करत जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर थांबले. माझ्या दोन पानांत "त्याच दिवशी पातळ करा" हे वाक्यच नाही. उजेडाबद्दल तीन वाक्यं आहेत. हे एक नाही.

सांगितलं. हेही सांगितलं. तो भिंतीपाशी गेला, पानं पुन्हा वाचली, वळून म्हणाला, "सासूबाई, मीठच लिहायला विसरलात."

दोघं मिळून ठरवलं — ताजं पातळ करायचं, आणि द्रावणात आधी चिमूटभर अल्ब्युमिन घालायचं. गाईच्या रक्तातलं साधं प्रथिन. ते आधी जाऊन भिंतींवर बसतं, मग पेप्टाइडला चिकटायला जागा राहत नाही. तव्याला तेल लावतो तसं. सगळेच करतात. कल्पना माझी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज कॅलेंडरात योलान नावाचा दिवस, म्हणजे माझा सण. पहाटे उठून दोन ताटं पोगाचा भाजल्या, छोटे खारे पाव, चीज घालून. नऊ वाजता चहाच्या खोलीत सगळी इमारत. रोझी मावशी चार खाऊन म्हणाल्या, मीठ कमी आहे. अंब्रुश माझ्याकडे बघून इतका हसला की त्याला ठसका लागला. गालांवर पापे, फुलं, नेहमीचं सगळं. त्यानं कुंडीतलं गुलाबी सायक्लॅमेन आणलं. "फ्रीझरमध्ये ठेवू नकोस."

साडेदहाला दोघं वर. ट्यूब, कोंबडी, तीस मिनिटं. ताजं द्रावण, अल्ब्युमिन घातलेलं. एका रांगेत एकतीस मण्यांचं पेप्टाइड, शेजारच्या रांगेत मोठ्या बाटलीतलं नेहमीचं साधं द्रावण, तुलनेसाठी. तो पिपेट धरतो तेव्हा त्याच्या जिभेचं टोक बाहेर येतं. त्याला हे कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जगल्या!!

साध्या द्रावणाच्या रांगेत निम्म्याहून जास्त मेलेल्या. एकतीसच्या रांगेत दहातल्या नऊ जिवंत. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढेना तेव्हा अंब्रुश म्हणाला, "सरक थोडी, माझी लेकरं आहेत ती." मग आम्ही नदीकाठाने पुलापर्यंत चालत गेलो, धुक्यातून, कोट न घालता. मूर्खासारखं. मला रडू आलं आणि मी ते थंडीवर ढकललं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा केलं. पुन्हा जगल्या. रोझी मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "मग आता तरी जरा जास्त बनव."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांनी आकडे दोनदा पाहिले. कपाटातून पालिंका काढली, प्लमची कडक दारू, गावाकडची. सगळ्यांना अंगठ्याएवढे पेले. कागदावर सही केली. दोन वर्षं! सोमवारी वरच्या कार्यालयात जाईल. "योलान, तू चिवट आहेस," म्हणाले. सरांच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

अंब्रुश एकच पेला पिऊन वर गेला. वहीत एक रकाना रिकामा दिसतोय म्हणाला. रिकामा रकाना बघून या माणसाला झोप लागत नाही. मी म्हटलं, आज तरी असू दे की रे. ऐकलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अकराला अंब्रुशचा फोन. "घरी आहेस? येतो." बारा वर्षांत तो माझ्या घरी कधी आला नव्हता. मी घाईघाईनं खुर्चीवरचे कपडे उचलले. काय काय मनात आलं ते इथेसुद्धा लिहीत नाही.

दारात बूट काढले. बगलेत वही. कॉफी नको म्हणाला. चिडवलं नाही. मोज्याला भोक होतं माझ्या, मोठं, समोर दिसत होतं, तरी काही बोलला नाही. 

"काल दुपारी आणखी एक रांग लावली. पेप्टाइड न घालता. नुसतं द्रावण आणि तुझं अल्ब्युमिन."

"बरं."

"जगल्या, योलान. तेवढ्याच. दहातल्या नऊ."

 मग त्यानं नीट समजावलं. तुलनेच्या रांगेत दोन्ही वेळा आपण बाटलीतलं जुनं द्रावण घातलं, त्यात अल्ब्युमिन नव्हतं. उपाशी पेशींना ते अल्ब्युमिनच पुरलं. पेप्टाइडनं काही केलं की नाही, आपल्याला माहीतच नाही. तीनदा मोजलं, म्हणाला. तिसऱ्यांदा तर चूक सापडावी म्हणूनच मोजलं.

वीस वर्षं हे काम करते आहे. दुसऱ्या कुणी अशी तुलना दाखवली असती तर पहिल्याच ओळीत पकडलं असतं. इथे दोन वेळा समोर होतं आणि दिसलं नाही, कारण मला बघायचंच नव्हतं. आधी त्याचा राग आला — कशाला भरायचा होता तो रकाना! मग स्वतःचा. हा जास्त वेळ टिकला.

जाताना बूट घालता घालता, मान वर न करता म्हणाला, "ही रांग मी अजून वहीत लिहिलेली नाही. कुणाला माहीत नाही. तू सांगशील तसं."

त्याने हे का विचारलं ते मला कळतं. माझ्यासाठी विचारलं. म्हणून तर अवघड आहे. दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. या वेळी थंडीवर ढकलायची सोय नव्हती.

३० नोव्हेंबर, रविवार

त्याला निरोप पाठवला: "लिही." एवढं पाठवायला दुपारचे चार वाजले.

लगेच उत्तर: "लिहितो. आणि मोजा शिव."

१ डिसेंबर, सोमवार

साडेनऊला आम्ही दोघं सरांच्या खोलीत. अंब्रुश म्हणत होता, मोजलं मी, मी बोलतो. पण मीच बोलले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, सही केलेला कागद उचलला आणि खणात ठेवून खण लावला.  मग विचारलं, "फ्रीझरमध्ये किती उरलंय?"

"चार मिलिग्रॅम."

"आणि दिवस?"

"तीस," मी म्हटलं. सरांनी माझ्याकडे कोरा कागद सरकवला. "मग या वेळी तुलनेची रांग आधी लिही."