ताईची कुपी

४ मार्च
भाचीचा रिपोर्ट स्वच्छ! ताईला छातीच्या कर्करोगाने नेलं, पण त्यामागचा जनुकातला दोष पोरीत उतरलेला नाही. आमच्या प्रयोगशाळेत तपासणी मीच लावली, मीच वाचली. रिपोर्टवर आमच्या प्रमुख मॅडमची सही व्हायच्या आधीच फोन केला — राहवलंच नाही. माझीही मागे अशीच स्वच्छ निघाली होती. "माझ्यासारखीच सुटलीस गं," म्हटलं. ती नुसती रडत राहिली.

५ मार्च
भाची आली. "पण मावशी, तू बघतेस तरी काय?" बुटांच्या दोन नाड्या पिळून दाखवल्या. डीएनए म्हणजे अशा दोन दोऱ्या, एकमेकींच्या उलट दिशेने जाणाऱ्या, आणि मधे अक्षरांच्या जोड्या. ए समोर टीच, जी समोर सीच. एक दोरी कळली की दुसरी न बघता लिहिता येते. आमचा प्रायमर म्हणजे असाच जुळवून बनवलेला छोटा तुकडा. तो समोरच्या अक्षरांवर नीट बसला, तरच यंत्र पुढची नक्कल काढतं.
"म्हणजे आपल्या घरात अक्षरांची तरी लग्नं वेळेवर लागतात," म्हणाली. किती दिवसांनी हसली! छातीची सहामाही तपासणी आता बंद, असंही म्हणाली. मी मान डोलावली.

९ मार्च
मॅडमनी सहीसाठी फाईल उघडली. "आजारी नातेवाइकाचा नमुना शेजारी का नाही लावला?" नियमच आहे तो. जिच्यात दोष नक्की आहे, तिच्यात तो दिसला, तरच दुसरीचं 'नाही' खरं.
ताईचं रक्त फ्रीजरमध्ये आहे. कुपीवर तिचं नाव, माझ्याच अक्षरात. भाचीची तपासणी लावली त्या दिवशी दोनदा हातात घेतली, दोनदा परत ठेवली. उघडवली नाही. माझ्या वेळीही नाही. मॅडमना म्हटलं, उद्या लावते.

१० मार्च
ताईचा रिपोर्टही स्वच्छ आला.

११ मार्च
ताईचा! जी त्यानेच गेली, तिचा.
मोठ्या प्रयोगशाळेने केलेलं तिचं जुनं वाचन काढून बघितलं. प्रायमरचं टोक जिथे चिकटायचं, तिथेच तिच्या एका प्रतीत टी ऐवजी सी आहे. आमचा ए त्याच्यासमोर बसेना. आणि नेमकी तीच प्रत दोषाची. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. यंत्राने जुळली तेवढी चांगली वाचली, वाईट सोडून दिली. आणि मी खुशाल 'दोष नाही' म्हणून मोकळी!
हात दाखवून अवलक्षण. एक कुपी उघडायचा धीर नव्हता, मग फोन करायची एवढी घाई कशाला?

१२ मार्च
फोनवर सांगायचं तोंड नव्हतं, घरी गेले. "म्हणजे परत काहीच माहीत नाही?" — "नाही." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने चहा टाकला. पाठमोरीच म्हणाली, "आईची बाटली मलाही उघडवली नसती, मावशी." जास्तच लागलं ते. तिने मला समजून घ्यावं, एवढी माझी लायकी उरलेली नाही.

१९ मार्च
नवा प्रायमर आला, त्या जागेच्या अलीकडचा. ताईची कुपी मीच उघडली. भाचीचा नमुना शेजारी. मॅडम म्हणाल्या, "तुमचाही लावा." बरं म्हटलं, निरोगी नमुना हवाच.

२० मार्च
ताईत दोष दिसला. म्हणजे या वेळी पद्धत बरोबर. भाचीत नाही. सही झाल्यावरच तिला फोन केला.
माझ्यात आहे. ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.