रोज उपटून पाहिलेल्या काड्या

चि. धाकटीस, थोरल्या दादाचे अनेक आशीर्वाद.

मेहुण्यांची कंबर आता वाकते का? तुझ्या सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? पोरीचा खोकला, पोराचा दात आणि तुझा राग, तिन्ही एव्हाना बरे झाले असतील असं धरून चालतो. आम्ही इकडे ठीक. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही, पण तिची तब्येत उत्तम आहे.

आईच्या घराच्या, म्हणजे आता तुमच्या, अंगणात मोटार उभी करायला फरशी घालायची, म्हणून आईने लावलेलं जांभळ्या फुलांचं झुडूप काढावं लागणार. त्याआधी त्याचं एक तरी रोप माझ्याकडे जगलंच पाहिजे, असं बजावून तू काड्या दिल्यास. मी ते मनावर घेतलं, तिथेच घोटाळा झाला. (मी मनावर न घेतलेली कामं आपोआप नीट होतात, हे तुझ्या वहिनीचं मत.) खालची पानं खुडून काड्या वाळू मिसळलेल्या मातीत खोचल्या. ऊन लागू नये म्हणून त्यांच्यावर माझी छत्री उघडून ठेवली आणि मी डोक्यावर पिशवी घेऊन हिंडलो. सकाळ-संध्याकाळ पाणी, शिवाय मला तहान लागली की त्यांनाही. आईच्या काळात त्या झुडपाला कुणी पाणी घातल्याचं आठवत नाही. वाटेत येतं म्हणून सगळे शिव्या तेवढ्या घालायचे, आणि ते बारा महिने हिरवंगार. माझे लाड मात्र सोसेनात. काड्या एकेक करून काळ्या पडल्या.

शेजारचे कंपाउंडर कुंपणावरून म्हणाले, "अहो, रोज सकाळी काडी उपटून काय बघता?"

"मुळं फुटली का ते."

"तुम्हाला रोज गदागदा हलवून विचारलं, झोप लागली का, तर लागेल?"

माणूस तोंडाळ, पण बोलला ते खरं. तुला काय तोंड दाखवू, या विचाराने माझी अन्नावरची वासना उडाली (म्हणजे भात दुसऱ्यांदा घेतला नाही). तेव्हा वहिनीला दया आली. न्हाणीघराच्या खिडकीत, फुटक्या किटलीत, तिने पहिल्याच दिवशी एक काडी माझ्यापासून लपवून ठेवली होती. त्या काडीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि तिला कोवळी पानं आली होती. किटलीला हात लावणार नाही, अशी शपथ मी घेतली. तेव्हा निश्चिंत राहा, आईचं झुडूप जगलं.

तुझा,
दादा

ता. क. वहिनी बाजारात गेली होती, तेव्हा अगदी हलकेच ओढून पाहिली. मुळं होती, पांढरीशुभ्र, दोऱ्यासारखी. आता आहेत की नाहीत, सांगता येत नाही.

आणखी एक. फरशीवाल्याला काहीतरी सांगून थोडं थांबव आणि नव्या काड्या पाठव. माझ्या नावावर नको, वहिनीच्या नावावर. उत्तर मात्र मलाच लिही, आणि लवकर. घरात सध्या माझ्याशी बोलणारं कुणी नाही.