विमानातला सदरा

प्रिय बटण,

झाला बाई एकदाचा! विमानात घालायचा सदरा झाला. आज दुपारी शेवटचं बटण लावलं, दोरा दातांनी तोडला (हो, अजूनही दातांनीच), सदरा हँगरला अडकवला आणि त्याच्यासमोर चहा घेत बसले. एकतीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, पण इतकं रडकुंडीला मला कुठल्या कपड्याने आणलं नव्हतं. तू म्हणशील, आई आता सदऱ्यावर पत्र लिहिणार की काय. तर हो, लिहिणार. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. कागदाला मधे तोंड घालता येत नाही.

आधी महत्त्वाचं सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. मी येतेय. तू तिसऱ्यांदा काढलेलं तिकीट या वेळी रद्द होणार नाही. पहिल्या वेळी मी गुडघा दुखतो म्हणाले, दुसऱ्या वेळी दुकानात काम तुंबलंय म्हणाले. तेव्हा तू म्हणालीस की तुला माझं घर बघायचंच नाहीये, आई, तुझ्या मनात अजून बाबांचा तो सदराच आहे. आणि फोन ठेवलास, तो अकरा दिवस उचलला नाहीस. अगं, सदरा मनात होता हे खरं. पण तू समजलीस तसा नाही.

पाच वर्षांपूर्वी तू निघालीस तेव्हा बाबांना जाऊन चार महिने झाले होते. तुझ्या प्रवासासाठी मी तीन दिवस खपून जॅकेट शिवलं होतं, अस्तर लावलेलं, कमरेत अगदी बसणारं. ते तू खाटेवर घडी घालून ठेवलंस आणि बाबांचा निळ्या रेघांचा सदरा घालून बाहेर आलीस. बाह्या चार वेळा दुमडलेल्या, खाली ढगळ विजार. विमानतळाच्या दारात दुसऱ्या आया लेकींच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि मी काय म्हणाले? गबाळी दिसतेस म्हणाले. शिंपिणीची पोर आणि अंगावर दुसऱ्याचं, असं म्हणाले. बाबांना दुसरा म्हणाले! तू तशीच आत गेलीस. गर्दीत त्या रेघा दिसेनाशा होईपर्यंत मी उभी होते, पण हाक मारली नाही. जीभ झडायला हवी होती माझी त्या दिवशी.

असो. तर आता प्रवासाला काय घालायचं हा प्रश्न माझ्यावर आला, आणि मी विमानात बसणार हे कळल्यावर गिऱ्हाइकं सल्ले द्यायला चढाओढीने आली. मुख्याध्यापिका बाईंनी फर्मान काढलं की पाय सुजतात, तेव्हा मोजे सैल हवेत आणि बूट काढ-घालीला सोपे. औषधाच्या दुकानातली म्हणाली, आत कुडकुडायला होतं, एकावर एक दोन पातळ कपडे घाल, एक जाड नको. बँकेतली म्हणाली, कमरेला बटण अजिबात नको, अकरा तास बसून ते पोटात रुततं. मग नाडी लावू म्हटलं, तर म्हणे विमानातल्या त्या एवढ्याशा मोरीत नाडीची गाठ बसली तर काय करशील? यावर आम्ही सगळ्याजणी इतक्या हसलो की मशीन थांबवावं लागलं. शेवटी विजारीला रुंद इलास्टिक घातलं. मी! इलास्टिकवाल्या बायकांना आयुष्यभर नाकं मुरडणारी मी!

सदरा मात्र मी माझ्या मनाने ठरवला. मऊ सुती कापड, धुऊन धुऊन आटवलेलं. पुढून उघडणारा, कारण डोक्यावरून घालायचं म्हटलं तर डावा हात अजून नीट वर जात नाही. हुक नको, बटणंच. आणि डाव्या बाजूला छातीवर एकही शिवण नको. ते का, ते येतंच आहे पुढे, पानं उलटून बघू नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे.

कापायला बसले आणि गंमत बघ. स्वतःचं माप कोण घेतं? वीस वर्षं तेच माप तोंडपाठ, त्यावर डोळे मिटून कात्री चालवली. शिवून अंगात घातला, तर उजवीकडून बरोबर आणि डावीकडे रिकामं कापड लोंबतंय. शिकाऊ पोरीनेही केली नसती अशी चूक. मी आरशासमोर उभी आणि आपली काजवाली मावशी मागे काज करत बसलेली. तिने सुई खाली ठेवली, टेप उचलला आणि माझं नवं माप घेतलं. वहीतलं जुनं माप तिनेच खोडलं. मग आम्ही दोघी रडलो, खोटं कशाला सांगू. पण बरं वाटलं रडून.

तो सदरा फुकट गेला. दुसऱ्यासाठी नमुना म्हणून मी कपाटातून काय काढलं असेल? तू नेलेल्या सदऱ्याचा जोडीदार, बाबांचाच, तपकिरी रेघांचा. मापाला म्हणून अंगात घातला आणि, बटण, मला कळलं गं तू तो का घातला होतास. तो कुठेच टोचत नाही. तो आपल्याला काही विचारत नाही. त्याच्यावरूनच मी माझा कापला, आणि शिवणीत माया सोडली दोन-दोन बोटं. आठवतं ना, शिवणीच्या आत जादा कापड ठेवतो त्याला आम्ही माया म्हणतो? तू लहानपणी विचारायचीस, आई, माझ्या झग्यात किती माया आहे? मी बोटं दाखवायची. त्या जॅकेटात मी माया ठेवलीच नव्हती. अंगासरशी दिसावं म्हणून सगळी कापून टाकली होती.

आता ते पुढचं. चार वर्षांची असताना तू बटण गिळलंस, ज्यावरून तुझं हे नाव पडलं, तेव्हा मी बाबांना तीन दिवस सांगितलं नव्हतं. बटण बाहेर आलं, मग सांगितलं. ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, तीन दिवस एकटीने कशाला काढलेस? तरी माझी खोड गेली नाही. गेल्या वर्षी माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली, वाईट जातीची. तुझं पहिलं तिकीट रद्द झालं ते ऑपरेशनमुळे, ती बाजूच काढावी लागली. दुसरं औषधांमुळे. केस सोय म्हणून कापले असं मी सांगितलं आणि तू फोनवर हसलीस, ते त्या औषधांनी गळले होते. काजवाली मावशी दर वेळी बरोबर होती. डॉक्टरीणबाईंचे टाके मी नीट बघितले, बरे आहेत, एकसारखे. शेवटाला जरा ओढ आलीय, मी असते तर उसवून पुन्हा घातले असते. आणि परवा त्यांनी सगळे कागद बघून सांगितलं की काही शिल्लक नाही, खुशाल विमानात बसा, आता सहा महिन्यांनी भेटा. जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! पायऱ्यांवर बसूनच राहिले. तर हे पत्र यासाठी. पोस्टातली बाई म्हणते आठ दिवसांत पोचेल, मी येतेय वीस दिवसांनी. म्हणजे रागवायला तुला बारा दिवस आहेत. ते सगळे वापर, रड, भांडी आपट, जावईबापूंना सांग. पण विमानतळावर मला बघून धावत येशील (येशील ना?), तेव्हा मिठी उजव्या बाजूने मार. डावीकडे अजून दुखतं आणि मला तिथे सगळ्यांसमोर कळवळायचं नाहीये. आणि त्या दिवशी बाबांचा तो सदरा घालून ये. मी काही म्हणणार नाही.

तुझीच,
गबाळी आई