डोळे आलेले नाहीत, डोळा जाऊ द्यायचा नाही

प्रति,
मा. विभागप्रमुख,
शुभदृष्टी धर्मादाय नेत्र रुग्णालय, मुलुंड (पूर्व)

विषय : दुसऱ्या इंजेक्शनच्या संमतीपत्रावर अर्जदाराचीही सही घेण्याबाबत.
संदर्भ : सकाळच्या राऊंडला आपण बाबांना म्हणालात, "लवकर ठरवा."

महोदया,

सुई डोळ्याकडे येताना दिसते का? प्रश्न माझा नाही, मैत्रीण श्रुतिकाचा आहे. "तू मोठ्या डॉक्टरांना विचारूच शकत नाहीस," अशी तिची पैज आहे. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत देत असे, त्यामुळे तिचेही बरोबर आहे.

१. मी, कु. अक्षता सहदेव परब, इयत्ता दहावी, राहणार विक्रोळी. कंदील करताना बांबूची कामटी सटकून उजव्या डोळ्याला लागली. पाणी आले, थांबले, सर्वांना वाटले निभावले. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक. शेजारच्या मालनकाकू दारातूनच म्हणाल्या, "डोळे इलेत गो. गॉगल घाल आणि कोणाक बघू नको." घरच्यांनी माझे ताटही वेगळे केले. संध्याकाळी त्या डोळ्याला पंखाच दिसेना, तेव्हा मी जाहीर केले, "आई, डोळे आलेले नाहीत, डोळा चाललाय."

२. त्याच रात्री आपण भूल देऊन जखम शिवलीत आणि डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडलेत. गोळ्यांचे औषध आतपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, हे आपण समजावलेत तेव्हा बाबांनी मान डोलावली. पण जंतू अजून हटलेले नाहीत, आणि दुसरे इंजेक्शन फक्त बधिर करणारे थेंब टाकून देणार हे ऐकल्यापासून बाबा म्हणतात, "पोरीला जागेपणी सुई? औषधाच्या थेंबांवरच भागवू ना." माझे कान टोचताना चक्कर येऊन पडलेले हे गृहस्थ आहेत. सध्या ते सहीसाठी पेन शोधायला गेले आहेत. दुसऱ्यांदा.

३. माझी सही कायद्याने चालत नाही, असे सिस्टर म्हणाल्या. तरी बाबांच्या सहीखाली माझ्या सहीसाठी एक रेघ मारून मिळावी. त्या डोळ्याला बॅटरीचा उजेड अजून कळतो. तो आहे तोवर सुई यावी, ही विनंती. ती कुठल्या बाजूने येणार तेवढे आधी सांगावे, म्हणजे मी दुसरीकडे बघेन.

ओळी तिरक्या आल्या आहेत. एका डोळ्याने एवढेच जमले.

आपली नम्र आणि तयार,
अक्षता परब
दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत : पेन, एक (चालू).

प्रत माहितीसाठी : आई-बाबा, कॅन्टीनबाहेरचा बाक.
ठरलं. मी इंजेक्शन घेणार. बाबा, तुम्ही सही करा आणि बाहेरच बसा. आत माझ्यासोबत आई येईल.