गॅसच कमी आहे

१४ एप्रिल १९४७, बेळगाव.
आजपासून रोज लिहिणार. ही वही कोणी वाचायची नाही.
कॅम्पातल्या, विलायतेला परत निघालेल्या एका मेजरकडून जिनाप्पाशेठ तंबाखूवाल्यांनी खोली गार करायचं मशीन घेतलं. कपाटाएवढं आहे. सोबत गॅसचं एक नळकांडं. शेठचे वडील बाहुबली आप्पा यांना दमा, उकाड्यानं आठ दिवस झोप नाही. डॉक्टर म्हणतात, झोप मिळाली नाही तर छाती सोसणार नाही. शेठ म्हणाले, मिस्त्री, आप्पास्नी दुपारची दोन तास झोप लागू द्या, नव्या बर्फाच्या कारखान्याचं फोरमन तुमीच.
पुण्यात दोन वर्षं सोडावॉटरच्या कारखान्यात काढली. गॅस म्हणजे माझ्या हातचा मळ. मला मिस्त्री म्हणू नये, इंजिनिअर म्हणावं, हे शेठना नंतर सावकाश सांगेन.

१५ एप्रिल, सकाळी.
मशीनबरोबरचं पुस्तक इंग्रजीत. पहिली बारा पानं नुसती हवेवर. जाळी मोकळी ठेवा, वारा आधी नीट करा, मगच गॅस तपासा, वगैरे. हवा कोणालाही कळते. सोडली. तेराव्या पानापासून गॅस. तिथून वाचायला घेतलं.

दुपारी.
मशीन सुरू. वारा यथातथाच, पण आतल्या नळीवर चक्क बर्फ. सगळ्यांना बोलावून दाखवला. आप्पा म्हणाले, बरफ तकडं आन् घाम हकडं. म्हाताऱ्यांना सायन्स समजावणं कठीण.
शेठच्या थोरल्या बहीण ब्राह्मीआक्का धोरणी दिसतात. पाणी गाळायचं दुहेरी फडकं त्यांनी मशीनच्या खालच्या जाळीवर वाळत घातलं आहे. मला म्हणाल्या, मिस्त्री, गाळीला गाळणं बांधलंय बगा, जीव मरत्यात. गाळी म्हणजे गाळणी. जैनांच्या घरी पाण्याचं फार कडक असतं. स्वयंपाकघरातलं मला कशाला सांगतात कळेना, तरी मान डोलावून ‘हौदु’, म्हणजे होय, म्हटलं. इथे येऊन चारच महिने झाले, पण कानडी चांगलं जमतं.

१६ एप्रिल.
खोली भट्टी. निदान केलं: गॅस कमी. दुसरं काही असूच शकत नाही. नळकांड्यातून थोडा भरला. काटा हलला. उद्या झोप नक्की.

१७ एप्रिल.
झोप नाही. बर्फ वाढला, वितळला, पाणी आप्पांच्या खाटेखाली. आप्पा उशीला टेकून बसून असतात. त्यांच्या श्वासाची शिट्टी ओसरीपर्यंत ऐकू येते. मला ऐकवेना, अंगणात जाऊन उभा राहिलो. मग परत येऊन आणखी गॅस भरला.

१८ एप्रिल, दुपारी तीन.
लागली. झोप लागली. वारा असा सुटला की पडदे हलले. आप्पा पावणेदोन तास घोरले. शेठनी मला हात जोडले. आक्का तेवढ्या नव्हत्या, मागे गाळणं धूत होत्या. फोरमनची खुर्ची फिरती मागावी की साधी, ठरत नाही.

१९ एप्रिल.
पुन्हा उकाडा. गाळणं वाळत घातलेलं, आप्पा बसलेले. काल शुक्रवार होता. गॅसवर वाराचा परिणाम होत असावा. यावर स्वतंत्र टिपण करायला हवं.
मारुतीराव वायरमन आला. विचारत होता, हे हवा आत कुठनं घेतंय? मी सांगितलं, हवा पहिल्या बारा पानांत आहे, आपला प्रश्न तेराव्या पानाचा आहे. पिशवी उचलून गेला बिचारा.

२० एप्रिल.
आप्पांना सकाळपासून बोलता येत नाही. डॉक्टर दोनदा येऊन गेले. शेठ माझ्याकडे बघत नाहीत. भीती वाटते. फोरमनकीचं राहू दे, आप्पांचं काय होईल याची. जेवण गेलं नाही. कदाचित माझंच कुठे... नाही. गॅसच कमी. उरलेलं नळकांडं सगळं रिकामं केलं. मशीन आतून कुणी घण घातल्यासारखं वाजलं आणि बंद झालं.

२१ एप्रिल.
मशीन कायमचं गेलं. मारुतीराव म्हणतो, गॅस लई झाला, त्यानं आतला पंप बसला.
मशीन बंद म्हणून आक्कांनी जाळीवरचं गाळणं सोडलं. ते वाळत घातलेलं नव्हतं. चारी कोपऱ्यांना सुतळीनं आवळलेलं होतं, धुळीनं नुसतं घोंगडं झालेलं. मारुतीरावानं विचारलं, आक्का, हे कवा बांधलं? आक्का म्हणाल्या, पयल्याच दिवशी. चिलटं आत वडली जाऊन मरत्यात न्हवं. मिस्त्रींना सांगितलं की, गाळीला गाळणं बांधलंय म्हणून. हौदु म्हणाले.
कानडीत गाळी म्हणजे वारा. घरात सगळ्यांना माहीत होतं.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मारुतीरावानं तेच गाळणं धुऊन, ओलं करून खिडकीत ताणलं आणि पुढे टेबलफॅन ठेवला. आप्पा तीन तास झोपले. उठल्यावर पेज मागितली. मी मागच्या दारी जाऊन तोंड धुतलं. डोळे जळत होते.

२२ एप्रिल.
कारखान्याचा फोरमन मारुतीराव.
आप्पांच्या खिडकीतल्या गाळण्यावर दर अर्ध्या तासानं पाणी शिंपडायचं काम मला दिलं आहे. पाणी अर्थात गाळलेलं. मिस्त्री म्हणायचं मात्र सगळ्यांनी सोडलं. हौदु म्हणून हाक मारतात.