कुरकुरणारं दार

प्रिय राणीसरकार,

घटस्फोटातल्या वाटणीचा करार मी मुकाट्यानं मान्य केला. घर तुला, बिजागऱ्यांचा कारखाना मला. वर तू वकिलासमोर म्हणालीस, "अहो, जगाची दारं गुळगुळीत केलीत, आता जाता जाता आपलंही कुरकुरणारं दार नीट करून द्या." तीही अट करारात आली.

तुझी चाहूल लागावी म्हणून मी ते तसंच ठेवलं होतं, हे कुठं बोललो?

आज तेल घेऊन आलो. रिकाम्या घरात ऊन तरंगत होतं. दार हलकेच ढकललं, ते कुरकुरलं, अन् तू बाजारातून आलीस. पुन्हा ढकललं, पुन्हा आलीस. उन्हं कलेपर्यंत येतच राहिलीस.

तेल घातलं नाही. हे पत्रही पाठवणार नाही. दार उघडशील तेव्हा कळेलच. मग अट मोडली म्हणून भांडायला तरी ये.

तुझाच,
बिजागरीवाला