तपासले: तुंगाबाई लाड

मी, तुंगाबाई पिराजीराव लाड, वय ६१, राहणार कॉटनपेट, बंगळूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली नसताना आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधीचे म्हणून कोणी काही दाखवले तर ते खोटे समजावे.

१. माझ्या स्वकमाईचे दोन खोल्यांचे घर भाची रूपश्री हिला द्यावे. तिने ते एकटीच्या नावावर करून घ्यावे. "नवऱ्याचेही नाव घाल की," असे सांगायला पुष्कळ येतील. त्यांना चहा द्यावा, कागद देऊ नये.

२. माझा मायक्रोमीटर, म्हणजे केसाची जाडी मोजणारे हत्यार, भाग्यलक्ष्मीला द्यावा. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात ती माझ्या शेजारी बसून बेअरिंगच्या रिंगा तपासायची. आम्ही अकरा जणी काम तपासनिसाचे करायचो, कागदावर मात्र हेल्पर. पेटीवर मारायचा शिक्काही "तपासले: प्राणेश" असा. प्राणेश आमचे सुपरवायझर. बारा वर्षे त्यांचे नाव मी माझ्या हाताने उमटवले.

३. तो जुना शिक्का कपाटात आहे. तो बंबात घालावा. कारण लिहून ठेवते.

१९९४ साली परदेशी गिऱ्हाइकाला हवे असलेले प्रमाणपत्र देण्यासाठी बाहेरचे परीक्षक आले. त्या दिवशी आम्हा अकरा जणींना कॅन्टीनमध्ये बसवले होते. बाहेर दिसलात तर उद्यापासून येऊ नका, अशी मॅनेजरची ताकीद होती. मी विधवा, नोकरीवरच घर चालायचे. मुकाट बसले.

परीक्षकांनी प्राणेशना एक रिंग मोजायला सांगितली. त्यांनी मायक्रोमीटर उलटा धरला. मग घामाघूम होऊन ते कॅन्टीनच्या दारात आले.

"अक्का, स्वल्प बन्नी." म्हणजे, अक्का, जरा या.

एरवी अक्का म्हटले की मी विरघळायचे. त्या दिवशी म्हटले, "अक्का घरी. इथे मला नाव आहे, नाव घेऊन बोलवा."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच."

त्यांनी परीक्षकांना ऐकू जाईल अशी हाक मारली. "तुंगाबाई लाड, बन्नी."

मी उठले, आणि माझ्यामागे दहाही जणी उठल्या. रिंग मोजली, शिक्का परीक्षकांपुढे ठेवला आणि सांगितले, "हात माझा, नाव यांचं."

प्रमाणपत्र तिथेच अडकले. तीन महिन्यांनी मिळाले, तेव्हा अकराही जणी कागदावर तपासनीस झाल्या होत्या आणि प्रत्येकीला आपापल्या नावाचा शिक्का मिळाला होता. मला इतका आनंद झाला की पहिल्या दिवशी मी जेवणाच्या डब्यावरही शिक्का मारला.

४. माझ्या नावाचा शिक्का निवृत्त होताना मी मागून घेतला. तो रूपश्रीने देवघरात नव्हे, लिहायच्या टेबलावर ठेवावा.

५. प्राणेश यांना काहीही देत नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणतात. मला ते साक्षीदार म्हणूनच हवे होते. निरोप पाठवताच आले, हे मात्र कबूल केले पाहिजे.

स्थळ: कॉटनपेट, बंगळूर
दिनांक: ९ मार्च १९९९

सही: तुंगाबाई पिराजीराव लाड
शिक्का: तपासले: तुंगाबाई लाड

साक्षीदार:
१. देवाप्पा, शेजारी. सही.
२. प्राणेश, निवृत्त सुपरवायझर. वरील मजकूर, सही आणि शिक्का तुंगाबाई लाड यांचाच आहे. मी स्वतः पाहिले आहे. सही.